तिहेरी उडी आणि सात मजले

कुणाला खूश करायचं असेल तर आधी त्याच्या आवडीचा अभ्यास करावा, ही माझी पद्धत. आणि ती आजवर कधी फसलेली नाही! लग्नाआधी सासऱ्यांना गुलाबांचा नाद आहे असं कळलं, तर मी गुलाबांच्या कलमांवरचं अख्खं पुस्तक वाचून काढलं आणि रोज संध्याकाळी त्यांच्या बागेत जाऊन उभा राहायला लागलो. सासऱ्यांनी मुलगी दिली! त्यांचे गुलाब त्या वर्षी मुळापासून वाळले, पण तो हवामानाचा दोष.

तर मी जयप्रकाश. बहरीनमध्ये एका फायर अलार्मच्या कंपनीत चौदा वर्षं इंजिनियर आहे. वर्कशॉप मीना सलमानला, घर सनाबिसला. घरात बायको शुभदा आणि आठवीतली मुलगी इरावती. आम्ही ज्या नऊ मजली इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो, तिचा अलार्म मी स्वतः बसवलेला आहे. सहा वर्षांत तो एकदाही उगाच वाजला नाही. पार्किंगमध्ये भेटेल त्याला मी हे सांगतो. आता लोक मला बघून गाडीतच बसून राहतात.

यंदा मला डिसेंबरात दहा दिवसांची रजा हवी होती. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सहस्रचंद्रदर्शन. माणसानं ऐंशी ओलांडली, हजार पौर्णिमा बघितल्या, की मुलांनी त्याला ओवाळायचं. मिरजेला हॉल ठरला होता, गुरुजी ठरले होते. आबांची एकच अट होती. "तू येणार असशील तर करू. मी पाटावर आणि माझा मुलगा मोबाइलमध्ये, असला प्रकार मला चालणार नाही!"

आईच्या वेळी मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तेव्हापासून आबांसाठी रजा मागताना मी लाजत नाही.

पण रजा होती थानासिस साहेबांच्या हातात. थानासिस आमचे मॅनेजर, मूळचे ग्रीसचे. वीस वर्षं आखातात काढल्यामुळे ते इंग्रजीत सुरुवात करतात आणि 'खलास'वर संपवतात. (त्यांचं बोलणं मी इथं मराठीत देतोय, मूळ ऐकलंत तर माझे आभार मानाल.) माझा रजेचा फॉर्म बघून ते म्हणाले, "डिसेंबरात टॉवरचं हँडओव्हर आहे. बघू. चॅम्पियनशिप संपू दे, मग बोलू."

"कसली चॅम्पियनशिप सर?"

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि पाऊण तास सोडलं नाही. अॅथलेटिक्सची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा शनिवारपासून सुरू होणार होती, आणि या माणसाचा जीव त्यात अडकलेला! तरुणपणी ते स्वतः तिहेरी उडी मारायचे. गुडघा गेला आणि फायर अलार्ममध्ये आले. आता त्यांच्या गावचा एक मुलगा, फोटिस, त्याच तिहेरी उडीत उतरणार होता. फोटिसच्या आजोबांच्या बेकरीतला पाव खाऊन साहेब वाढले होते.

झालं! मी त्याच दिवशी अभ्यासाला लागलो. ग्रीसचे सगळे खेळाडू, कोण कधी उतरणार, कुणाची आजवरची उत्तम कामगिरी किती, हे सगळं एका मोठ्या कागदावर उतरवून फ्रिजवर लावलं. स्पर्धा पूर्वेकडच्या देशात असल्यामुळे इथं ती सकाळपासून दुपारपर्यंत चालायची. इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारी. चहा घेऊन मी ग्रीसच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूवर नजर लावून बसलो. पठ्ठ्या पुढे होता! मी साहेबांना मेसेज टाकला : "सर, मी बघतोय! आपला माणूस तिसरा!"

पाचच मिनिटांत पंचांनी त्याला चुकीचं चालला म्हणून लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं.

"हार्ड लक सर," मी कळवलं.

रविवारी हातोडाफेक. मी ऑफिसात मोबाइलवर लावली आणि तिन्ही हातोडे जाळीत गेले. सोमवारी बांबूउडीतली मुलगी. तिची पहिली उंची माझ्या कागदाप्रमाणे तिनं झोपेतही पार करावी अशी होती. मी खास लवकर जेवून बसलो. तीनदा पळाली, तीनदा आडवी दांडी घेऊनच खाली आली! मंगळवारी भालाफेकीतल्या बाईंचा पाय मुरगळला, आणि तोही भाला हातात घेण्याआधी.

दर वेळी माझा मेसेज जायचाच. आपण मनापासून बघतोय हे साहेबांना कळायला नको?

इरावती फ्रिजवरच्या कागदावर फुल्या मारत होती. बुधवारी ती म्हणाली, "बाबा, आय थिंक इट्स यू."

"म्हणजे?"

"एव्हरी टाइम यू वॉच, दे लूज."

"तू अभ्यास कर," मी म्हणालो. शास्त्रशुद्ध विचार शाळेत शिकवत नाहीत हल्ली.

साहेब मात्र खचत चालले होते. किल्ल्यांना निळ्या डोळ्याचा काचेचा मणी लावलेला असतो त्यांच्या. तो ते सारखा चोळायला लागले. म्हणाले, "जे.पी., ही नजर आहे. कुणीतरी वाईट नजर लावलीये माझ्या देशाला!" आणि तीनदा जमिनीकडे थुंकल्यासारखं करून "फ्तू, फ्तू, फ्तू!"

मला गलबलून आलं. ग्रीस नावाचा देश इतका आपल्यातला असेल असं वाटलं नव्हतं! मी म्हणालो, "सर, शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या. तिहेरी उडीची फायनल एकत्र बघू."

शुक्रवारी साहेब आले. शुभदानं पुरणपोळी, कटाची आमटी, भजी असा साग्रसंगीत बेत केला होता. साहेबांनी चार पोळ्या खाल्ल्या. रजेचा फॉर्म मी शोकेसच्या फळीवर, त्यांच्या नजरेला पडेल असा, पेनासकट ठेवला होता. सगळं माझ्या आराखड्याप्रमाणे चाललं होतं.

तीन वाजता फायनल सुरू झाली. बारा खेळाडू, प्रत्येकाला तीन उड्या, त्यातले पहिले आठ पुढे जाणार आणि त्यांना आणखी तीन. फोटिस पडद्यावर दिसला आणि साहेब उभेच राहिले. मी सोफ्याच्या टोकाला येऊन डोळे फाडून बघायला लागलो. फोटिस धावला, पाय फळीच्या पुढे पडला. लाल झेंडा! फाउल!

दुसरी उडी. मी आणखी पुढे सरकलो. पुन्हा लाल झेंडा!

"खलास," साहेब म्हणाले आणि मटकन बसले. "अजून एक फाउल की घरी. बघितलंत मॅडम? नजर!"

शुभदा नागपंचमीपासून संक्रांतीपर्यंत सगळं पाळणारी बाई. तिनं पदर खोचला. "एवढंच ना? मग इतके दिवस बोलला नाहीत ते? दृष्ट काढून टाकू!"

तिनं मूठभर मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेतल्या आणि टीव्हीसमोर उभी राहिली. फोटिस बाकावर बसलेला दिसताच तिनं मूठ ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, पापिणीची, मुंजाची..." तेवढ्यात कॅमेरा वळला आणि पंच दिसायला लागला! त्या पंचाची अर्धी दृष्ट निघाली. मग एका शांपूच्या बाईची. मग परत फोटिस आला, तेव्हा शुभदानं घाईघाईत उरलेलं उरकलं. साहेब बाजूला उभे राहून फ्तू फ्तू करत साथ देत होते.

"आता हे जाळायचं," शुभदा म्हणाली. "अहो, तुमचा तो भोंगा वाजणार नाही ना?"

हा प्रश्न तिनं मला विचारला! चौदा वर्षांच्या अनुभवाला!

"स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर नसतोच," मी साहेबांकडे बघत जरा मोठ्यांदा म्हणालो. "तिथं उष्णतेचा असतो. मिरच्याच काय, पोतं जाळलंस तरी तो हूं की चूं करणार नाही. बिनधास्त जाळ!"

हे शंभर टक्के खरं होतं. स्वयंपाकघरातला डिटेक्टर आजही शांत आहे. शुभदानं लोखंडी तवा लालबुंद तापवला, त्यावर मूठ टाकली, तडतड झाली, आणि ती तवा घेऊन थेट हॉलमध्ये आली!

"अगं, इकडे कुठं?"

"ज्याची दृष्ट त्याला दाखवायला नको?" असं म्हणून तिनं तवा टीव्हीपुढे धरला. वर, बरोबर वर, हॉलचा धुराचा डिटेक्टर. मीच बसवलेला.

अकरा सेकंदांत अलार्म वाजला. नऊ मजले एकदम! सोबत रेकॉर्ड केलेली बाई अरबीत आणि इंग्रजीत सांगायला लागली की शांतपणे बाहेर पडा. बाईचा आवाज मीच निवडला होता.

साहेब खोकता खोकता घड्याळ बघत म्हणाले, "अकरा सेकंद! छान! पण मी हलणार नाही. मिरच्या आहेत हे मला माहितीये. तू पळ!"

अलार्मचं पॅनेल तळमजल्यावर. अलार्म वाजला की लिफ्ट आपोआप खाली जाऊन बंद पडते. हीसुद्धा माझीच व्यवस्था! मी जिन्यानं सात मजले उतरलो. सबंध इमारत उतरत होती. पाचव्या मजल्यावर कमालभाई भेटले. रत्नागिरीचे, मीना सलमानला गोदामात काम करतात. त्यांच्या एका हातात उलथनं होतं.

"जयप्रकाश, काय झाला तरी काय? आमच्या झोहरानं तव्यावर सुरमई टाकलीन नि हा भोंगा!"

"काही नाही कमालभाई, जरा मिरच्या..."

"मिरच्या? तू तर म्हणतोस उगाच कधी वाजत नाय!"

मी दोन-दोन पायऱ्या गाळत पुढे गेलो. खाली वॉचमन हमीद पॅनेलसमोर हात जोडून उभा होता. मी किल्ली लावली, आवाज बंद केला, पॅनेल रीसेट केलं आणि बाहेर चाळीस डिग्रीत उभ्या असलेल्या मंडळींना हिंदीत सांगितलं की घाबरण्याचं कारण नाही. मग सात मजले वर. लिफ्ट सुरू व्हायला वेळ लागत होता.

दार उघडलं तर साहेब नाचत होते! तिसरी उडी लागली होती! फोटिस सातवा. पहिल्या आठांत!

"मॅडम, तुम्ही ग्रेट आहात!" ते शुभदाला म्हणत होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, निम्म्या आनंदाच्या, निम्म्या मिरच्यांच्या.

मी घाम पुसून परत सोफ्याच्या टोकाला बसलो. "सर, आता चौथी बघू!"

चौथी उडी. लाल झेंडा.

इरावतीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. आणि तेवढ्यात अलार्म पुन्हा वाजला!

इथं एक कबुली. डिटेक्टरमध्ये धूर असताना पॅनेल रीसेट करू नये, थोड्या वेळानं तो परत बोंबलतो, हे मी दर ट्रेनिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत शिकवतो. त्यातून येताजाता मी दार उघडं टाकलेलं, त्यामुळे धूर कॉरिडॉरमध्येही गेलेला. मी पुन्हा खाली पळालो. जेमतेम वर पोचलेली मंडळी पुन्हा उतरत होती.

"जयप्रकाश," कमालभाई या वेळी शांतपणे म्हणाले, "सुरमई गेली."

मी या वेळी घाई केली नाही. आवाज बंद केला आणि धूर निवळेपर्यंत थांबलो. मग रीसेट. मग लोकांची माफी. मग सात मजले. वर पोचलो तेव्हा माझे पाय माझ्या ताब्यात नव्हते, आणि साहेब सोफ्यावर उभे होते!

"पाचवा! पाचव्या उडीत पाचव्या नंबरवर!"

"अरे वा सर! आता शेवटची उडी मी काही झालं तरी..."

शुभदा तव्याकडे बघत होती. कपाळाला आठी.

"पण एक कळत नाही," ती म्हणाली. "दृष्ट खरी असली ना, तर मिरच्यांचा ठसका येतच नाही. इथं तर अख्खी बिल्डिंग खोकतेय. म्हणजे..."

"म्हणजे काय मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे दृष्ट नव्हतीच मुळी."

साहेब हळूहळू सोफ्यावरून उतरले. त्यांनी फ्रिजकडे बघितलं. तिथं माझा कागद होता, चालणं, हातोडा, बांबू, भाला, पुढे लाल फुल्या. मग मोबाइल काढून त्यांनी माझे मेसेज वर सरकवत सरकवत वाचले. मग पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"जे.पी.," ते अतिशय प्रेमानं म्हणाले, "खालचं पॅनेल एकदा बघून ये."

"बघितलं सर. सगळं नॉर्मल आहे."

"पुन्हा बघ. मला शंका आहे."

"सर, आता मी स्वतः रीसेट करून..."

"यल्ला, चल लवकर, जे.पी.! तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही!"

खरं सांगतो, माझी छाती फुगली. एवढ्या मोक्याच्या क्षणी साहेबांना कामाची आठवण होते आणि ते काम माझ्यावर सोपवतात! लहानपणी आबाही असेच. घरी क्रिकेटचा सामना लागला, शेवटची षटकं आली, की म्हणायचे, "जया, जरा दळण घेऊन ये." धाकट्या भावाला कधी सांगितलं नाही. घरातला जबाबदार मुलगा मीच ना!

मी गेलो. लिफ्ट आता चालू होती, पण ती आठव्या मजल्यावर कुणी अडवून ठेवली होती. खाली जाऊन पॅनेल बघितलं. हिरवा दिवा. हमीदला हिरवा दिवा दाखवला. आणि तेवढ्यात सातव्या मजल्यावरून एक आरोळी आली. ती खिडक्या बंद असून, एसी चालू असून, खाली लॉबीत ऐकू आली. हमीदचा हात अलार्मच्या बटणाकडे गेला. मी तो वेळेवर धरला.

फोटिसला कांस्यपदक!

वर आलो तर साहेब इरावतीचे दोन्ही हात धरून गोल फिरत होते. मला बघताच त्यांनी मिठी मारली आणि कानात म्हणाले, "रविवारी तुझा फॉर्म बघतो. इंशाल्ला!" कोपऱ्यात शुभदानं मला खुणेनं मूठ वळून दाखवली. फत्ते! माझी पद्धत कधी फसत नाही, सांगितलं होतं की नाही?

रविवारी सकाळी नऊलाच ईमेल आली. 'लीव्ह अप्रूव्ह्ड.' मी खुर्चीतच उडी मारली. मग तारखा वाचल्या.

डिसेंबर नव्हता. पुढच्या वर्षीचा ऑगस्ट होता. दहा मागितले होते, तर साहेबांनी चौदा दिवस दिले होते. यंदाची शिल्लक रजाही त्यांनी पुढे ढकलून त्यातच घातली होती. फ्रिजवरच्या माझ्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो उघडला. खालच्या कोपऱ्यात, मीच हौसेनं लिहिलं होतं : पुढची मोठी स्पर्धा, ऑगस्ट. ईमेलच्या शेवटी साहेबांनी एक ओळ टाकली होती : 'या काळात जे.पी.नं गावी राहावं आणि टीव्ही, मोबाइल बंद ठेवावा. कंपनीच्या हिताचं आहे.'

मी केबिनमध्ये गेलो. हात जोडले. वडील ऐंशीचे आहेत म्हणून सांगितलं. साहेबांचा चेहरा खरंच पडला. पण डिसेंबरातलं हँडओव्हर त्यांच्याही हातात नव्हतं, आणि ऑगस्टचं त्यांनी सोडलं नसतं.

घरी येऊन आबांना फोन लावला. हॉलमध्ये इरावतीनं टीव्ही लावला होता, म्हणून मी बेडरूममध्ये जाऊन बसलो. दोनदा बोलायला गेलो आणि दोनदा मिरजेचा पाऊस विचारला. शेवटी सांगून टाकलं. "आबा, डिसेंबरात जमत नाही. ऑगस्टात येतो. तोवर..."

आबा म्हणाले, "हजार बघितले, अजून आठ बघीन. चंद्र काही रजेवर जात नाही. पण ऑगस्टात तरी नक्की ना?"

"नक्की आबा. साहेबच पाठवणार आहेत. जबरदस्तीनं."

"ते कसं काय?"

मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. चालणारा, हातोडा, बांबू, फोटिस, मिरच्या, पॅनेल. पॅनेलपाशी आलो तेव्हा पलीकडे आबा इतके हसायला लागले की त्यांना ठसका लागला. धाकट्याची बायको पाणी घेऊन धावल्याचं मला ऐकू आलं.

"जया," ते दम खात म्हणाले, "आपल्या घरात माणसं पाच. आठवड्याला दळण किती लागायचं रे?"

"एक डबा."

"आणि एका मॅचला तू गिरणीत किती वेळा जायचास?"

मी हिशेब केला. "तीनदा."

"पन्नाशी आली तुझी," आबा म्हणाले. "एकदा तर तुझ्या आईनं दळलेलं पीठच परत डब्यात भरून दिलं होतं. गिरणीवाला घरी विचारायला आला होता, पोराला काही त्रास आहे का म्हणून!"

मी फोन ठेवला. मग काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं हॉलमध्ये गेलो. टीव्हीवर भारताची मॅच होती. शेवटची दोन षटकं, अठरा धावा. शुभदा आणि इरावती सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच शुभदानं पडद्यावरची नजर न काढता हाक मारली.

"अहो, जरा खालचं पॅनेल बघून येता का?"

मी चपला घातल्या.